ओळखा पाहूं, मी कोण?

रात्रीचीं जेवणें आटोपलीं आहेत, घरांतील मंडळी दिवाणखान्यांत बसली आहे, आणि कोणी तरी म्हणतें, “मनांत एक माणूस धरला आहे, ओळखा पाहूं!” हें दृश्य मराठी घरांस अपरिचित नाहीं. कोडीं घालणें, भेंड्या लावणें, उखाण्यांत नांव गुंफणें हे येथले जुने छंद आहेत. अलीकडे मात्र ह्या बैठकीची जागा पालटली आहे. एक मित्र पुण्यास असतो, दुसरा नागपुरास, एक मैत्रीण लंडनास, चौथा न्यूयॉर्कास; कित्येकांची तर परस्परांशीं समोरासमोर गांठहि कधीं पडलेली नसते. इंटरनेटनें एकत्र आणलेल्या अशा मंडळींत एक जण इतिहासांतील एखादी व्यक्ति मनांत धरतो, आणि बाकीचे ‘होय’ व ‘नाहीं’ एवढ्या दोन शब्दांच्या आधारानें तिचा माग काढीत जातात.

वरवर पाहतां हा फावल्या वेळचा चाळा आहे. परंतु थोडें खोल पाहिलें म्हणजे त्यांत दोन गोष्टी दडलेल्या आढळतात. प्रश्न कसा विचारावा ह्याचें शिक्षण हा खेळ देतो ही एक. आणि इतिहासांतील माणूस ‘माहीत आहे’ असें जें सहज म्हटलें जातें तें कितपत खरें, ह्याची परीक्षा तो घेतो ही दुसरी. पहिली गोष्ट गणिताची आहे. दुसरी अधिक अवघड आहे.

खेळाचे नियम थोडके आहेत. धरलेली व्यक्ति खरोखर होऊन गेलेली असावी. विचारणाऱ्यांना वीस प्रश्न मिळतात आणि प्रत्येक प्रश्न असा असावा कीं, त्याला ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देतां येईल. वीस प्रश्नांत नांव सांपडलें नाहीं तर धरणाऱ्याची सरशी होते. उदाहरणार्थ, धरणाऱ्यानें अहल्याबाई होळकरांचें नांव मनांत योजिलें आहे असें समजावें. ‘ही व्यक्ति पुरुष आहे काय?’ नाहीं. ‘जन्म हिंदुस्थानांतला काय?’ होय. ‘इ. स. १८०० च्या पूर्वींचा काय?’ होय. येथें झांशीची राणी लक्ष्मीबाई गळली, कारण तिचा जन्म एकोणिसाव्या शतकांतला. ‘१६०० च्या पूर्वींचा काय?’ नाहीं. मीराबाई, जनाबाई, चांदबिबी ह्या एकदम दूर झाल्या. ‘राज्यकारभार स्वतः पाहिला काय?’ होय. आतां ताराबाई आणि अहल्याबाई ह्यांसारखीं दोनचारच नांवें समोर उरतात. ‘राजधानी नर्मदेच्या कांठीं होती काय?’ ह्या सहाव्या प्रश्नास ‘होय’ असें उत्तर येतांच महेश्वरचा घाट डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि सातव्या प्रश्नास नांवच उच्चारलें जातें.

ह्याच ठिकाणीं नवशिका खेळाडू काय करतो? तो पहिल्याच दमांत ‘जिजाबाई काय?’ असें विचारतो. मग ‘लक्ष्मीबाई काय?’, मग ‘रझिया काय?’ प्रत्येक ‘नाहीं’ बरोबर त्याच्या यादींतून एक नांव जातें आणि हातचा एक प्रश्नहि जातो. जाणता खेळाडू नांवाच्या मागें धांवत नाहीं. तो अज्ञानाचे दोन सारखे भाग पाडतो आणि प्रत्येक उत्तरानें त्यांतील एक भाग टाकून देतो. एका प्रश्नानें दोन नांवांतून एक निवडतां येतें, दोन प्रश्नांनीं चारांतून एक, दहा प्रश्नांनीं १,०२४ मधून एक; आणि विसाव्या प्रश्नापर्यंत ही संख्या १०,४८,५७६ वर जाते. म्हणजे दहा लक्षांहून अधिक नांवांच्या ढिगांतून नेमकें एक नांव केवळ वीस शब्दांच्या उत्तरानें उचलतां येतें. वीस हा आंकडा कोणी हिशेब करून ठरविला नसेल. परंतु तो योग्य ठरला आहे खरा.

मात्र सारखे भाग पाडणें म्हणजे नांवांची नुसती मोजदाद नव्हे. जगांतील सर्व ऐतिहासिक व्यक्तींत मराठेशाहींतील माणसें मूठभर ठरतील. म्हणून ‘ही व्यक्ति मराठेशाहींतली काय?’ हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनें वाया गेला असें वाटेल. पण उत्तर देणारा मित्र पेशवाईचा अभ्यासक असेल, तर तोच प्रश्न अत्यंत मार्मिक होय. विचारणाऱ्याला इतिहासाबरोबर मित्राचें मनहि वाचावें लागतें. मित्र चतुर असला तर तो आपली आवड ओळखून मुद्दाम दूरच्या देशांतील नांव धरतो, आणि मग ह्या डावपेंचांतच अर्धी रात्र निघून जाते.

ह्या खेळाचा इतिहासहि मनोरंजक आहे. रिचर्ड रश हे १८१७ ते १८२५ पर्यंत लंडन येथें अमेरिकेचे वकील होते. ब्रिटिश मुत्सद्दी जॉर्ज कॅनिंग ह्यांनीं एका मेजवानीनंतर वीस प्रश्नांचा खेळ मांडून एका राजदरबारी अधिकाऱ्याची काठी कशी ओळखून काढली, ह्याचें वर्णन त्यांनीं आपल्या आठवणींत करून ठेविलें आहे. चार्ल्स डिकन्स ह्यांच्या १८४३ सालच्या नाताळच्या कथेंतहि ‘होय आणि नाहीं’ हा खेळ येतो. तेथें भाच्यानें मनांत धरलेला गुरगुरणारा प्राणी म्हणजे त्याचा कंजूष मामा स्क्रूज निघतो. पुढें रेडिओनें हा खेळ घरांघरांत नेला. १९४६ सालीं अमेरिकेंत फ्रेड व्हॅन डेव्हेंटर ह्या वृत्तनिवेदकानें आपल्या जेवणाच्या टेबलावरचा हा कौटुंबिक खेळ ध्वनिक्षेपकासमोर आणला. दुसऱ्या वर्षीं, १९४७ सालीं, बी. बी. सी. नेंहि तो सुरू केला. तेथें एक गूढ आवाज श्रोत्यांच्या कानांत उत्तर अगोदरच सांगून ठेवी. त्यामुळें घरीं बसलेला श्रोता सर्व जाणून, जाणत्यांची धडपड ऐकण्यांत रंगून जाई. हंगेरींत तर ह्या खेळाला एका ऐतिहासिक पुरुषाचेंच नांव मिळालें आहे. तेथें त्याला ‘बारकोख्बा’ म्हणतात. त्या पुरुषाची हकीकत पुढें येईलच.

वीस प्रश्नांचा हा खेळ ज्यांना सोपा वाटूं लागतो ते ‘बॉटिचेलि’ नांवाच्या प्रकाराकडे वळतात. सांद्रो बॉटिचेलि हा पंधराव्या शतकांतील फ्लॉरेन्सचा चित्रकार. मनांत धरलेली व्यक्ति निदान बॉटिचेलिइतकी तरी प्रसिद्ध असावी, ह्या दंडकावरून खेळाला हें नांव पडलें. ह्यांत धरणारा नांवाचें आद्याक्षर सांगून टाकतो. परंतु त्याला सरळ प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास आपोआप मिळत नाहीं. तो कमवावा लागतो. समजा, अक्षर ‘म’ आहे. एक जण विचारतो, ‘आपण खडकी हें नगर वसविणारे वजीर काय?’ धरणाऱ्यानें उत्तर द्यावें, ‘नाहीं, मी मलिक अंबर नव्हे.’ दुसरा विचारतो, ‘पानिपतानंतर उत्तरेंत मराठ्यांची सत्ता पुन्हा बसविणारे सरदार काय?’ ‘नाहीं, मी महादजी शिंदे नव्हे.’ तिसरी विचारते, ‘१८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे काय?’ आतां धरणाऱ्याची स्मृति अडखळते. मोल्स्वर्थ हें नांव त्याला वेळीं आठवत नाहीं. अडखळतांच त्याच्यावर एक सरळ प्रश्न बसतो, आणि त्याचें उत्तर त्याला ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें द्यावेंच लागतें. येथें विचारणारा व सांगणारा दोघेहि सारखेच परीक्षार्थी असतात.

हा प्रकार मराठींत आणतांना दोन गमतीच्या अडचणी उभ्या राहतात. पाश्चात्त्य रिवाजाप्रमाणें आडनांवाचें आद्याक्षर घ्यावें तर ज्ञानेश्वरांचें काय करावें, आणि मलिक अंबराचें काय? नाना फडणीस हे मूळचे बाळाजी जनार्दन भानु. त्यांना ‘न’ खालीं शोधावें, ‘फ’ खालीं शोधावें, कीं ‘भ’ खालीं? समर्थ रामदासांचें पाळण्यांतील नांव नारायण, आणि राणी लक्ष्मीबाईचें माहेरचें नांव मणिकर्णिका. म्हणून ज्या नांवानें व्यक्ति लोकांच्या तोंडीं आहे त्याचेंच पहिलें अक्षर घ्यावें, असें आरंभींच ठरवून घ्यावें हें बरें. दुसरी अडचण काना-मात्रा-वेलांटीची. ‘शि’ असें अक्षर दिलें तर अर्धें उत्तर तेथेंच फुटतें. नुसता ‘श’ सांगितला तर शहाजी, शिवाजी, शाहू, शेरशहा आणि शंकराचार्य हे सर्व एका पंक्तींत येऊन बसतात. नागरी लिपींत नुसतें व्यंजन सांगणें हाच न्याय्य मार्ग दिसतो.

आतां ह्या खेळावर अंतराचा काय परिणाम होतो तें पाहावयाचें. पुण्यांत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां लंडनांत ऋतुमानाप्रमाणें दुपारचे साडेतीन किंवा साडेचार, आणि न्यूयॉर्कांत सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. साहजिकच एकच डाव कधीं दोन दिवस चालतो. प्रश्न परस्परांना ओलांडून जातात. एकाच्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाखालीं पडतें आणि घोटाळा होतो. ह्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रश्नाला अनुक्रमांक द्यावा, आधींच्या प्रश्नाचें उत्तर आल्यावांचून पुढचा प्रश्न टाकूं नये, आणि एकानें लेखनिकाचें काम पत्करावें. दिवाणखान्यांत उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरची हास्यरेषा पुष्कळदां गुपित फोडते. पत्रव्यवहारासारख्या ह्या खेळांत ती सोय नाहीं. त्याच्या बदल्यांत सावकाशपणा मिळतो. प्रश्न लिहून, खोडून, पुन्हा लिहितां येतो. आणि झालेला सगळा डाव मागाहून वाचून कोठें चुकलें तें पाहतां येतें.

परंतु ह्याच साधनांत एक मोह आहे. ज्या यंत्रावर प्रश्न येतो त्याच यंत्रावर सारे विश्वकोश एका बोटाच्या अंतरावर असतात. खडकी नगर कोणीं वसविलें हें आठवत नसलें तरी शोधून सांगण्यास क्षणहि पुरतो, आणि तें शोधून सांगितलें कीं आठवून, हें पांच हजार मैलांवरच्या मित्राला कळण्याचा मार्ग नाहीं. पहारा ठेवतां येत नाहीं; म्हणून येथें विश्वासाशिवाय दुसरा नियमच उरत नाहीं. कांहीं मंडळी ‘ग्रंथ उघडूं नये’ असें ठरवितात, कांहीं ‘सर्वांनीं उघडावे’ असें ठरवितात. दोन्ही मार्ग चालतात. एकानें गुपचूप उघडावे आणि दुसऱ्यानें उघडूं नयेत, हें मात्र चालत नाहीं.

अप्रामाणिकपणाची किंवा साध्या चुकीची किंमत किती, हें गणितानेंहि दाखविलें आहे. स्टानिस्लाव्ह उलाम ह्या गणितज्ञानें १९७६ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत एक प्रश्न घातला: एकापासून दहा लाखांपर्यंतची संख्या ओळखावयाची आहे, पण उत्तर देणारा एखादें उत्तर खोटें देऊं शकतो, तर किती प्रश्न लागतील? खोट्यास वाव नसतां वीस प्रश्न पुरतात. फक्त एका खोट्या उत्तराची शक्यता धरली तर २५ लागतात, असें १९८७ सालीं सिद्ध झालें. एका शब्दाच्या खोटेपणासाठीं पांच अधिक प्रश्नांचा दंड! आणि हें खोटें हेतुपूर्वकच असावें असें नाहीं. उत्तर देणाऱ्याला आपलाच माणूस नीट माहीत नसला, तरी दंड तेवढाच पडतो.

येथूनच खेळाची दुसरी, अवघड बाजू सुरू होते. समजा, कोणी खरोखरच मलिक अंबर मनांत धरला. ‘हिंदी होता काय?’ त्याचा जन्म सोळाव्या शतकांत हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत झाला. आयुष्याचा उत्तरार्ध मात्र दख्खनेंत गेला, येथलीच भूमि त्यानें मोंगलांपासून राखली आणि १६२६ सालीं येथेंच त्याचा देह पडला. ‘गुलाम होता काय?’ एके काळीं होता. ‘राजा होता काय?’ नव्हता, परंतु १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर निजामशाही वंशांतील मुलाला गादीवर बसवून सारें राज्य त्यानें चालविलें. अशा माणसाविषयीं ‘राजा नव्हता’ हें उत्तर खरें असूनहि विचारणाऱ्याची दिशा चुकविणारें आहे. ताराबाईविषयीं ‘राज्य केलें काय?’ असा प्रश्न आला तरी हाच पेंच पडतो. छत्र मुलाच्या शिरावर होतें, पण औरंगजेबाशीं झुंज तिनें चालविली.

हंगेरींत ज्याचें नांव खेळाला मिळालें त्या बारकोख्बाची गोष्टहि हेंच सांगते. इ. स. १३२ सालीं रोमन सम्राट हेड्रियन ह्याच्याविरुद्ध यहुद्यांनीं जें बंड केलें त्याचा हा पुढारी. दंतकथा अशी आहे कीं, जीभ व हात तोडलेला एक माणूस त्याच्या छावणींत आला. त्याला बोलतां येईना, लिहितां येईना. तेव्हां पुढाऱ्यानें एकामागून एक प्रश्न विचारले आणि त्या दुर्दैवी जीवानें नुसत्या मान हलविण्यानें शत्रूची हकीकत सांगितली. हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेनी (१९२१–१९७०) ह्यांनीं माहितीचें मोजमाप समजावून देण्यासाठीं ह्याच खेळाचा उपयोग केला. परंतु ह्या पुढाऱ्याला ओळखावयाचें तरी कोणत्या नांवानें? बारकोख्बा म्हणजे ‘ताऱ्याचा पुत्र’; ही अनुयायांची भाषा. बंड मोडल्यावर त्याच नांवाला पीळ देऊन त्याला ‘असत्याचा पुत्र’ म्हणण्यांत आलें. पुढें १९६० सालीं यिगाएल यादीन ह्यांच्या संशोधक-पथकाला मृतसमुद्राजवळच्या एका गुहेंत त्याचीं पत्रें सांपडलीं, तेव्हां त्याचें स्वतःचें साधें नांव शिमोन बार कोसिबा असें दिसून आलें. ‘होय-नाहीं’च्या खेळाला ज्याचें नांव, त्याच्याविषयींच जगाचें एकमत नाहीं!

फ्रान्समधील एका कंपनीनें २००७ सालीं ‘अकिनेटर’ नांवाचा एक यांत्रिक ओळखणारा इंटरनेटवर आणला; खेळणारे जी माहिती देतात तीवरूनच तो शिकत जातो. त्यालादेखील दोन उत्तरें पुरलीं नाहींत. ‘होय’ व ‘नाहीं’ ह्यांच्याबरोबर ‘ठाऊक नाहीं’, ‘बहुधा होय’ आणि ‘बहुधा नाहीं’ हीं तीन उत्तरेंहि त्यानें मान्य केलीं आहेत. मित्रमंडळींतहि अशी एक मोकळीक असावी. ज्या प्रश्नाला सरळ उत्तर देणें अन्यायाचें होईल त्यास ‘प्रश्न पुन्हा बांधावा’ असें सांगण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याला असावा, आणि तो प्रश्न विसांत मोजूं नये.

अनेक डावांचीं टिपणें एकत्र वाचलीं तर आणखी एक गोष्ट उघडकीस येते. मनांत धरलीं जातात तीं बहुतेक नांवें राजांचीं, सेनापतींचीं आणि कवींचीं. स्त्रीचें नांव आहे असें कळतांच पुढचा प्रश्न येतो, ‘पति प्रसिद्ध होता काय?’ पुरुषाविषयीं ‘पत्नी प्रसिद्ध होती काय?’ असें क्वचितच कोणी विचारतो. सावित्रीबाई फुले ह्यांना अशा प्रश्नानें ओळखतां येईलहि. परंतु १८४८ सालीं पुण्यांत सुरू झालेल्या मुलींच्या शाळेवरून त्यांना ओळखणें अधिक योग्य नव्हे काय? वेरूळच्या कैलास लेण्याचा आश्रयदाता म्हणून राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्या खेळांत येऊं शकतो. छिन्नी चालविणारे हात येऊं शकत नाहींत, कारण ओळखण्यासाठीं नांव लागतें. आणि मंडळींत निरनिराळ्या प्रांतांचे मित्र असले म्हणजे ‘प्रसिद्ध’ ह्या शब्दाचाच अर्थ हलूं लागतो. तमिळ मित्राला राजराज चोळ बाळपणापासून ठाऊक असतो; महादजी शिंद्यांचें नांव त्यानें कदाचित् ऐकलेलेंहि नसतें. हंगेरियन मैत्रिणीला मात्याश राजा जितका जवळचा, तितकाच तो पुणेकरास परका. अशा वेळीं डाव हरण्यांत कमीपणा नाहीं. ज्याच्याविषयीं वीस प्रश्न विचारूनहि नांव सुचलें नाहीं, तो माणूस त्या रात्रीपासून ओळखीचा होतो.

म्हणून नांव उघड झालें कीं डाव संपला असें मानूं नये. धरणाऱ्यानें चार वाक्यांत सांगावें कीं, हीच व्यक्ति कां निवडली आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देतांना आपण गोंधळलों. ज्या प्रश्नांना झटकन् उत्तरें आलीं त्यांनीं केवळ नांव शोधून दिलें. ‘तो राजा होता काय?’ असें विचारल्यावर दूरच्या शहरांतील एखादा मित्र बराच वेळ कांहीं लिहीत नाहीं, आणि मग ‘थांबा, हें तपासून उद्यां सांगतों’ असें उत्तर येतें. त्या रात्रीं खेळ थोडा लांबतो, पण दुसऱ्या दिवशीं मंडळींतील एकानें तरी इतिहासाचें पुस्तक उघडलेलें असतें.